शाळाबाह्य मुलांसाठी पर्यायी शिक्षण : चंद्रपूर व गडचिरोली

ज्यांचे नाव पटावरून कमी झाले, कधी पटावर चढलेच नाही किंवा जी गळतीच्या उंबरठ्यावर आहेत, अशा मुलांसाठीची शिक्षणव्यवस्था. अमेरिकेत बेशिस्तीबद्दल काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या सरकारी शाळा असतात. भारतात शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत मूल शाळेबाहेर पडते ते वेगळ्याच कारणांनी: पावसाळ्यात नदी-नाल्यांना पूर येऊन वाट बंद होते, मिरची तोडायला घरची माणसे तेलंगणात जातात, आणि घरी माडिया ही बोली बोलणाऱ्या मुलाला पहिलीत मराठी पुस्तक मिळते.

शाळेपर्यंतच्या या अवघड वाटेवर शासनाने काढलेला मुख्य तोडगा म्हणजे निवासी आश्रमशाळा. त्या आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत चालतात. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर येथे विभागाची प्रकल्प कार्यालये आहेत.

सर्वांत बोलके उदाहरण हेमलकशाचे. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये भामरागड तालुक्यातल्या या गावात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना उभा केला आणि १९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू झाली. गावात कुणीच शिकलेले नव्हते, त्यामुळे शाळा कशासाठी, हे पालकांना पटवावे लागे. सुरुवातीला मुले जंगलातून चालत घरी पळून जात. त्यांना दोष देता येणार नाही. अनोळखी भाषा आणि चार भिंती, दोन्ही एकदमच वाट्याला आले होते. याच शाळेतून पुढे माडिया समाजातील डॉक्टर, वकील आणि शिक्षक घडले.

निवासी शाळेची किंमतही मोठी आहे. सहा-सात वर्षांचे लेकरू आईवडिलांपासून आणि आपल्या बोलीपासून दूर राहते. म्हणून प्रकल्पाने २०१५ मध्ये नेलगुंडा या गावी सुरू केलेले साधना विद्यालय महत्त्वाचे ठरते: तिथे शाळाच मुलांच्या गावापर्यंत गेली.

मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला कायद्याचे कलम ४ वयानुरूप वर्गात प्रवेश देते आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही देते. हे प्रशिक्षण किमान तीन महिने, कमाल दोन वर्षे चालू शकते. कागदावर ही तरतूद नेमकी आहे. पण मिरचीच्या हंगामात गेलेले मूल परत आले, हे आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवे. ते काम गावातला शिक्षक करतो. २०१७ पासून राज्यात ‘बालरक्षक’ म्हणून शिक्षक स्वेच्छेने पुढे आले, ते अशाच मुलांना शोधून वर्गात आणण्यासाठी.

खरा खड्डा आठवीनंतर आहे. कायद्याचे संरक्षण तिथे संपते आणि नापास झालेला किंवा कामाला लागलेला मुलगा बहुधा परत येत नाही. त्याच्यासाठी उरतो ‘सतरा नंबरचा फॉर्म’, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्याची सोय. राज्याने मुक्त विद्यालय मंडळही स्थापन केले. दोन्हींत परीक्षेची दारे उघडी आहेत, मात्र वसतिगृह आणि रोज शिकवणारा शिक्षक नाही. भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातल्या मुलाला नेमकी त्यांचीच गरज असते.