सुक्रोजचे जलविघटन आणि तापमान

सुक्रोजचे जलविघटन म्हणजे उसातील साखरेचा पाण्याशी संयोग होऊन तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या शर्करांत रूपांतर होणे. ही अभिक्रिया आम्लामुळे किंवा इन्व्हर्टेज या विकरामुळे घडते आणि तापमानाबरोबर तिचा वेग झपाट्याने वाढतो. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या ऊस पिकविणाऱ्या तालुक्यांत साखर उताऱ्यावर तिचा थेट परिणाम होतो.

इतिहास

सुक्रोजचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळविते, तर विघटनानंतरचे मिश्रण डावीकडे. या पालटाच्या आधारे जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये अभिक्रियेचा वेग मोजला. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते आर्‍हेनियस यांनी १८८९ मध्ये वेग व तापमान यांचा संबंध मांडला, तोही याच अभिक्रियेच्या अभ्यासातून. तापमान वाढल्याने रेणूंच्या टकरी थोड्याच वाढतात; मात्र सक्रियण ऊर्जेचा उंबरठा ओलांडू शकणाऱ्या रेणूंचे प्रमाण पुष्कळ वाढते. दर १० अंश सेल्सिअसला वेग दुप्पट होतो हा पाठ्यपुस्तकांतील नियम ढोबळच आहे. सुक्रोजच्या आम्लीय विघटनाची सक्रियण ऊर्जा सुमारे १०८ किलोजूल प्रतिमोल असल्याने ३० वरून ४० अंशांवर जाताना वेग जवळजवळ चौपट होतो.

तोडणीनंतरचा ऊस

माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी आदी ठिकाणच्या सहकारी कारखान्यांचा गाळप हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तोडलेल्या उसात विकर आणि जीवाणू साखर फोडू लागतात. थंडीच्या दिवसांत हे नुकसान कमी असते. हंगामाच्या अखेरच्या उन्हात फडात किंवा कारखान्याच्या आवारात ताटकळलेल्या उसात ते वेगाने होते, शिवाय ऊस वाळून वजनही घटते. फुटलेल्या साखरेचे स्फटिक मिळत नाहीत, ती मळीत जाते. उसाचा रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशी जोडलेला असल्याने याची झळ अखेर शेतकऱ्यालाही बसते. ऊस तोडीनंतर लवकरात लवकर गाळावा, हा आग्रह यासाठीच असतो.

कारखान्यातील प्रक्रिया

विकराचा वेग तापमानाबरोबर एका मर्यादेपर्यंतच वाढतो. त्यापुढे विकर निकामी होते. म्हणून रस सुमारे १०० अंशांपर्यंत तापवितात. त्याने जीवाणूही मरतात. परंतु उसाचा रस किंचित आम्लधर्मी असल्याने नुसत्या तापविण्याने साखर अधिकच फुटेल. यासाठी चुना मिसळून त्याचा सामू ७ च्या आसपास आणतात. पुढे पाक निर्वात पात्रांत शिजवितात. तेथे दाब कमी असल्याने तो सुमारे ६० ते ७० अंशांवरच उकळतो. गुऱ्हाळात ही सोय नसते. उघड्या काहिलीतील पाक ११० अंशांच्याही वर जातो, त्यामुळे गुळात फुटलेल्या साखरेचे प्रमाण पांढऱ्या साखरेपेक्षा बरेच अधिक असते. शिळ्या उसाचा गूळ नीट बसत नाही आणि पावसाळ्यात लवकर पाघळतो, त्याचेही कारण हेच.