‘उदासीनता’चे अर्थांतर

संस्कृत परंपरेत ‘उदासीन’ हा शब्द मनाच्या आजाराचा नव्हे, स्वास्थ्याचा वाचक होता. गीतेच्या बाराव्या अध्यायात तो भक्ताच्या लक्षणांत येतो. संतांच्या मराठीतही ‘उदास’ होणे म्हणजे प्रामुख्याने विरक्त होणेच. गात्रे गळतात, तोंड कोरडे पडते, हातातले धनुष्य निसटते, त्या अवस्थेला गीतेने ‘विषाद’ हे वेगळे नाव दिले आहे. आणि त्या विषादाला कारण आहे, समोर उभे ठाकलेले स्वजन.

बालकवींच्या (१८९०–१९१८) ‘उदासीनता’ या कवितेत विरक्तीचे नाव विषादाला मिळते आणि विषादाचे कारण मात्र नाहीसे होते. बोचते ते काय, हे बोचणी सोसणाऱ्यालाच उमगत नाही. ‘फुलराणी’च्या कवीला हे कुठून सुचले, या कोड्यापोटी कधी त्यांचे दारिद्र्य, कधी घरातील कलह पुढे केला जातो. भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली आलेल्या मृत्यूवरून तर कविता उलट दिशेने वाचण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. कवितेने जे अज्ञात ठेवले, ते चरित्राने भरून काढले की तिचा विषयच हरवतो.

कारणाचा हा तिढा वैद्यकातही आहे. ग्रीकांनी काळ्या पित्ताला दोष दिला. फ्रॉइडने १९१७च्या निबंधात शोक आणि विषाद वेगळे केले: विषादग्रस्ताला कोण गमावले हे कळले, तरी त्या व्यक्तीबरोबर आपले नेमके काय गेले ते कळत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९८०च्या नियमावलीने कारणमीमांसा बाजूला ठेवून झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांचा किमान दोन आठवड्यांचा बिघाड मोजला; शोकग्रस्तांसाठी ठेवलेला अपवादही २०१३मध्ये काढला. आनुवंशिकता, वियोग, दीर्घकाळची ओढाताण यांचा वाटा आज मान्य आहे. पण यांपैकी एकटे कोणतेही पुरेसे ठरत नाही.

घरात मात्र ‘तुला कमी काय आहे?’ हाच प्रश्न होतो. सकाळी अंथरूण सोडवत नाही, ताट तसेच राहते, वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते. आणि कारण सांगता आले नाही की तो आळस ठरतो. आजचा ग्रांथिक पर्याय ‘नैराश्य’ हा. त्यातही आशा आधी होती आणि कशाने तरी ती गेली, हे गृहीतच आहे. बोलीने ‘डिप्रेशन’ स्वीकारले ते केवळ इंग्रजीच्या मोहाने, असे म्हणता येत नाही. परक्या शब्दाला निदान कोणी कारण विचारीत नाही.