पाळण्याचा खर्च कोणाच्या वहीत?

मे २०२५ मध्ये नवनिर्वाचित परमगुरूंनी लिओ हे नाव धारण केले आणि त्यामागे पोप तेरावे लिओ व त्यांचे 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक यांचे स्मरण असल्याचे सांगितले. त्या निमित्ताने १५ मे १८९१ रोजी प्रसिद्ध झालेले ते परिपत्रक आम्ही पुन्हा वाचावयास घेतले. कामगाराचे वेतन त्याच्या साध्यासुध्या निर्वाहास पुरले पाहिजे, त्यातून बायकामुलांचेही पोषण झाले पाहिजे, असा त्यातील आग्रह सर्वश्रुत आहे. तत्त्व निर्विवाद आहे, परंतु व्यवहारात त्याची एक गाठ काही सुटत नाही. एकाच यंत्रावर दोघे सारखेच काम करतात. एक सडाफटिंग आहे, दुसऱ्याच्या घरी पाच मुले आणि अंथरुणाला खिळलेली आई. काम सारखे म्हणून वेतन सारखे; घरातील ताटांची संख्या मात्र वेगळी. या फरकाची भरपाई मालकाने करावी काय, आणि केली तर तो बाजारात टिकेल काय?

हा प्रश्न मनाशी घेऊन एक कॅथलिक गिरणीमालक परिपत्रकाच्या आधीपासूनच झटत होता. फ्रान्समध्ये रँस शहराजवळ व्हाल-दे-ब्वा येथे लेओं आर्मेल (१८२९-१९१५) यांची लोकर कातण्याची गिरणी होती. कामगार त्यांना 'बाबा' या अर्थाच्या प्रेमळ नावाने हाक मारीत. कामगारांचे प्रतिनिधी असलेले मंडळ त्यांनी गिरणीत स्थापिले, हजारो कामगारांना घेऊन रोमच्या यात्रा केल्या, आणि ज्या घरची मिळकत माणसांच्या मानाने अपुरी पडे अशा घरांसाठी कुटुंबनिधी उभारला. आर्मेल यांचा गौरव पुष्कळ झाला. अनुकरण फार थोड्यांनी केले. याचे कारण केवळ इतर मालकांच्या कठोर हृदयात शोधणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. जो मालक एकटाच हा खर्च उचलतो त्याचा माल शेजाऱ्याच्या मालापेक्षा महाग पडतो, हे साधे गणित त्याच्या आड येते.

ते गणित सोडविले ग्रनोबल येथील एमिल रोमाने या गृहस्थाने. हा मालक नव्हे. रेझी जोया यांच्या लोखंडी कामाच्या कारखान्यातील व्यवस्थापक. श्रद्धावंत कॅथलिक, 'रेरुम नोव्हारुम'चा अभ्यासक. पहिले महायुद्ध चालू होते, महागाई भडकली होती. १९१६ साली रोमाने यांनी आपल्या कामगारांच्या घरची परिस्थिती स्वतः तपासली, आणि एकट्या माणसाचे भागते पण लेकुरवाळ्याचे भागत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी जोया यांचे मन वळविले. मुलांच्या संख्येनुसार वेतनाखेरीज भत्ता सुरू झाला. शहरातील धातुउद्योगाच्या इतर मालकांनीही तो स्वीकारला.

परंतु लगेच धोका उभा राहिला. भत्ता प्रत्येक मालकाने आपल्याच तिजोरीतून द्यावयाचा, तर तो नोकरीवर घेताना पहिला प्रश्न विचारणार, 'मुले किती?' आणि ज्याला साहाय्य द्यावयाचे तोच दाराबाहेर राहणार. यावर १९१८ साली सामाईक निधीची युक्ती निघाली. सर्व मालकांनी निधीत वर्गणी भरावयाची, तीही मुलांच्या हिशेबाने नव्हे, तर कारखान्याच्या एकंदर आकारमानाच्या हिशेबाने. आणि भत्ता निधीतून जावयाचा. मग पाच मुलांचा बाप आणि सडाफटिंग हे दोघेही मालकाला सारख्याच खर्चाचे. युक्ती किती साधी, पण किती दूरदृष्टीची! पुढे फ्रान्सभर असे निधी निघाले. पुष्कळ ठिकाणी भत्ता आईच्या हाती देत, काही निधींनी घरोघर जाणाऱ्या परिचारिकाही नेमल्या. ११ मार्च १९३२ च्या कायद्याने अशा निधीत सामील होणे मालकांना बंधनकारक झाले. त्यापूर्वीच, १९३१ साली, 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रकात पोप अकरावे पायस यांनी कुटुंबाच्या भारानुसार वेतनात भर घालणाऱ्या अशा योजनांची प्रशंसा केली होती.

सर्वच मालक काही संत नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. भत्ता दिला की सर्वांची पगारवाढ टाळता येते, हा हिशेब अनेकांच्या मनात होता. संपावर गेलेल्यांचा भत्ता रोखल्याची उदाहरणेही आहेत. मुलाचे दूध बापाच्या आज्ञाधारकपणावर अवलंबून ठेवणे, याला साहाय्य म्हणता येत नाही.

आता याच काळातील मुंबईकडे वळू. येथे १९२० नंतरच्या दशकात गिरणी कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या, मुख्यतः रीलिंग आणि वाइंडिंग खात्यांत. तान्ही मुले दिवसभर निजून राहावीत म्हणून अफू घातलेली बाळागोळी दिली जाई, ही गोष्ट त्या काळच्या चौकशांत नोंदलेली आहे. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात तसेच विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा कैवार घेतला. मालक जबाबदारीतून मुक्त नाही, परंतु लोकांचे कल्याण हे प्रथमतः सरकारचे कर्तव्य असल्याने भाराचा मोठा वाटा सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली कायदा झाला. बाळंतपणाच्या आगेमागे काही आठवडे दिवसाला आठ आणे देणे सुरू झाले. सरकारने मात्र हात आखडता घेतला आणि सारा भार त्या त्या गिरणीमालकावर पडला.

ग्रनोबलमध्ये जो धोका टाळला गेला तोच येथे अनुभवास आला. तरुण विवाहितेला कामावर घेणे मालकांना खर्चाचे वाटू लागले. रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे ही कारणेही होतीच. सर्व दोष एका कायद्यावर टाकणे न्याय्य होणार नाही. पण स्वातंत्र्य आले तेव्हा मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ती मर्यादा तीसवर आणली. पाळणाघर आले, पण पाळण्यात ठेवावयाचे मूल जिच्या कडेवर होते तीच फाटकाबाहेर होती.

सामाईक निधीचे तत्त्व आपल्याकडे आले ते राज्य कामगार विमा योजनेच्या रूपाने. १९४८ चा कायदा, १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे प्रारंभ. मालकाची वर्गणी वेतनावर. बाळंतपण कोणाचे, हे तो मोजत नाही. जेथे ही योजना पोचली नव्हती तेथे मात्र जुनीच रीत राहिली. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, हे स्वागतार्हच. परंतु त्या काळातील पगार पुन्हा त्या एकाच मालकाच्या वहीत मांडला गेला. आणि म्हाताऱ्या आईचे पथ्यपाणी, पक्षाघात झालेल्या वडिलांची कूस बदलणे, यांना तर त्या दुरुस्तीत जागाच नव्हती.

मालक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गिरणीचे भोंगे येतात. परंतु धर्मग्रामाची शाळा, धर्मभगिनींचे इस्पितळ, पतपेढी, इतकेच काय, धुण्याभांड्यांना बाई ठेवणारे आपले घर, हेही मालकच. लहानशा शाळेला एका शिपायाची तीन महिन्यांची भरपगारी रजा झेपत नाही, हे आम्ही मान्य करतो. रोमाने यांच्या काळी ग्रनोबलच्या लहान कारखान्यांनाही ती एकट्याने झेपली नसती. धर्मप्रांतातील साऱ्या संस्थांनी आपापल्या पगारपत्रकानुसार, शिक्षकांपासून झाडूवाल्यापर्यंत सर्वांना धरून, दरमहा थोडी रक्कम एका निधीत टाकली, तर आजारी आईच्या उशाशी बसणाऱ्या शिपायाचा पगार त्यातून देता येईल, आणि त्याच्या जागी तात्पुरता माणूस शाळेला ठेवता येईल. अशा निधीची नियमावली नव्याने शोधण्याची गरज नाही; तिचा मुख्य नियम १९१८ सालीच ठरून गेला आहे.