खैराटचा हिरवा लॅपटॉप आणि ड्युअल बूट

"विंडोज परत टाकलं आणि लिनक्स गायब!" हे रडगाणं हॉस्टेलवर कोणी ऐकलं नाही? भानगड होती फक्त ५१२ बाइट्सची. जुना बायोस डिस्कचा पहिला सेक्टर वाचायचा. त्यात ४४६ बाइट्स बूट कोडला आणि ६४ बाइट्स चार पार्टिशनच्या यादीला. विंडोज टाकलं की ते हा कोड बिनदिक्कत बदलायचं. म्हणून नियम ठरला: आधी विंडोज, मग लिनक्स, आणि दारावर ग्रब.

घरच्या पीसीवर हा निर्णय आपला. पण लॅपटॉप शाळेतल्या मुलाचा असेल तर?

मंडळी, भोर-वेल्ह्यात ट्रेकला जाताना डोंगरातल्या छोट्या जिल्हा परिषद शाळा तुम्ही पाहिल्या असतील. भोरहून वरंधा घाट उतरलं की रायगड जिल्हा. त्याच जिल्ह्यात, पण पार उत्तरेला, कर्जत तालुक्यात खैराट आहे. तिथली शाळाही अशीच, एकशिक्षकी. २००६ मध्ये केंद्र सरकारने 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'ला नकार दिला होता. तरी २००७ मध्ये या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग इथेच झाला.

हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क नव्हती, १ जीबी फ्लॅश होती. आत फेडोरा लिनक्स, त्यावर 'शुगर'. कीबोर्डवर चक्क सोर्स कोड दाखवायची कळ! मुलांनी यंत्र वापरावं आणि उघडूनही बघावं, ही त्यामागची कल्पना.

मे २००८ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि ओएलपीसी यांनी एक्सओवर विंडोज एक्सपी आणायचं जाहीर केलं. ड्युअल बूटचीही भाषा झाली. पण एक्सपीला बायोस हवा, आणि एक्सओमध्ये होतं ओपन फर्मवेअर. शिवाय १ जीबीत एक्सपी मावेना, त्यासाठी वेगळं २ जीबीचं एसडी कार्ड. शुगरच्या कामातले वॉल्टर बेंडर एप्रिलमध्येच ओएलपीसीतून बाहेर पडले होते. त्यांनी मग 'शुगर लॅब्स' काढली.

म्हणायला ड्युअल बूट म्हणजे दोघांनाही जागा. पण मेन्यूमध्ये एक नाव आधीच निवडलेलं असतं आणि सेकंद मोजले जात असतात. कोणी काही दाबलं नाही, तर तेच सुरू होतं. एक मास्तर चार इयत्ता सांभाळत असताना ती कळ दाबणार कोण? अशा शाळेत डिफॉल्ट ठरवणारा माणूसच मुलं काय शिकणार ते ठरवतो. आणि तो माणूस बहुधा त्या वर्गात कधी बसलेला नसतो.