मुडदूस

मुडदूस : ड जीवनसत्त्वाच्या अभावी लहान मुलांची वाढती हाडे मऊ राहण्याचा विकार. मूल उभे राहू लागले की अंगाच्या भाराने पाय धनुष्यासारखे वाकतात. टाळू उशिरा भरते, दात उशिरा येतात, मनगटे जाड दिसतात आणि बरगड्यांच्या टोकांशी माळेच्या मण्यांसारख्या गाठी हाताला लागतात. मोठ्या माणसांत याच अभावातून अस्थिमृदुता होते. कंबर ठणकते, बसल्या जागेवरून उठताना मांडीवर हात टेकावा लागतो. बायका हे दुखणे वयावर ढकलून वर्षानुवर्षे अंगावर काढतात, याचे वाईट वाटते. कारण त्यावर साधा उपचार आहे.

अन्नातून ड जीवनसत्त्व फार थोडे मिळते. उन्हातील अतिनील-ब किरणांनी ते त्वचेतच तयार होते. यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचे रूप देतात, तेव्हा कुठे आतड्यांत कॅल्शियम नीट शोषले जाते. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, ड जीवनसत्त्व नसते. म्हणून नुसत्या नाचणीच्या सत्त्वाने मुडदूस टळत नाही.

हचिसन व शहा यांनी नाशिकला केलेला अभ्यास १९२२ साली प्रसिद्ध झाला. दूधदुभत्याला तोटा नसलेल्या, पण पडदा पाळणाऱ्या घरांत त्यांना मुडदूस दिसला. अपुरे खाऊन उघड्यावर वाढणारी गरिबांची मुले बहुधा त्यातून सुटलेली होती. त्याआधी, १९१९ साली, बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशाने मुडदूस बरा करून दाखवला होता, तर लंडनमध्ये मेलन्बी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवरील प्रयोगांतून कॉड माशाच्या तेलाचा गुण सिद्ध केला.

कोवळे ऊन सुखद असले तरी त्यात हे किरण जेमतेमच असतात. आपली सावली उंचीपेक्षा आखूड पडते, तेव्हाचे थोडे ऊन हातापायांवर घ्यावे. सावळ्या त्वचेला अधिक वेळ लागतो. बंद काचेतून आलेले ऊन यासाठी निरुपयोगी. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व कमी असल्याने तान्ह्या बाळांना पहिले वर्षभर रोज ४०० एककांचे थेंब देतात.

औषधाच्या दुकानात मिळणारी ६०,००० एककांची पुडी सहसा आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोजची समजून घेतल्याने रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडल्याची उदाहरणे आहेत.