मणक्यातील स्क्रू आणि अस्थि-सिमेंट : एका संयोगाचा इतिहास

शल्यचिकित्सेच्या इतिहासात एखाद्या उपकरणाचा उगम बहुधा एका व्यक्तीच्या नावाशी जोडला जातो. मणक्यात बसवावयाच्या व आतून सिमेंट सोडता येणाऱ्या पोकळ स्क्रूच्या बाबतीत ही रीत अपुरी पडते. हे उपकरण म्हणजे जुन्या स्क्रूची केवळ सुधारलेली आवृत्ती नव्हे. स्क्रू, सिमेंट आणि सुई या तीन स्वतंत्र परंपरा त्यात एकत्र आल्या आहेत. त्या कशा निर्माण झाल्या हे पाहिल्यावाचून या स्क्रूच्या रचनेचा आणि तिच्याबरोबर आलेल्या धोक्यांचा उलगडा होत नाही.

यांपैकी स्क्रूच्या परंपरेचे मूळ तारेत आहे. टेक्सासमधील शस्त्रवैद्य बर्थोल्ड हॅड्रा यांनी १८९१ मध्ये मानेच्या मणक्यास इजा झालेल्या एका रुग्णाच्या मणक्यांचे मागील काटे तारेने बांधले. ही पकड कण्याच्या अगदी मागच्या भागापुरती होती. शरीराचा भार मात्र मुख्यतः पुढील भागातून, म्हणजे मणक्याच्या कायेतून, वाहतो. पुढील पाऊणशे वर्षांचा इतिहास हा ही पकड मागून पुढे नेण्याचा इतिहास होय. १९४० नंतरच्या दशकात डॉन किंग यांनी मणक्यांमधील लहान सांध्यांत आखूड स्क्रू बसविले. १९५९ मध्ये बाउचर यांनी अधिक लांब स्क्रू पेडिकलच्या दिशेने नेण्याची पद्धती वर्णिली. पेडिकल म्हणजे मणक्याची काया व तिच्यामागील कमान यांना जोडणारा आखूड अस्थिस्तंभ. या स्तंभातून सरळ कायेत जाणारे स्क्रू व त्यांना जोडणारी धातूची पट्टी यांचा वापर पॅरिसमध्ये रेमों रॉय-कामी यांनी १९६३ मध्ये सुरू केला व १९७० मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. अशा रीतीने मागून शिरूनही पुढील भागावर ताबा मिळविता आला.

तथापि स्क्रूची पकड अखेर हाडाच्या बळावर अवलंबून असते. वार्धक्यात ऑस्टिओपोरोसिसमुळे मणक्यातील जाळीदार हाड विरळ होते, किंवा कर्करोगाच्या गाठीने ते पोखरले जाते; तेथे आटे कितीही कुशलतेने कापले तरी त्यांना धरावयास पदार्थच उरत नाही. स्क्रू जाड करावा, तर पेडिकलची रुंदी आड येते. लांब करावा, तर मणक्याच्या पुढे मोठ्या रक्तवाहिन्या असतात. आकाराच्या वाटेने जाण्यास येथे मर्यादा पडली.

दुसरी परंपरा मँचेस्टरची. दंतवैद्यकात रूढ झालेले अ‍ॅक्रिलिक सिमेंट जॉन चार्नली यांनी १९५८ मध्ये कृत्रिम खुब्याचा दांडा मांडीच्या हाडात बसविण्यासाठी वापरले. हे द्रव्य डिंकासारखे चिकटविणारे नव्हे, तर दगडांच्या फटीत भरलेल्या चुन्याप्रमाणे पोकळी भरून भार विस्तृत पृष्ठावर पसरविणारे आहे, हा त्यांचा महत्त्वाचा विचार होता. भुकटी व द्रव एकत्र करताच रासायनिक क्रिया सुरू होते, उष्णता निर्माण होते आणि थोड्याच मिनिटांत मिश्रण कायमचे कठीण बनते. झिंड्रिक व त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाबाने भरलेल्या सिमेंटमुळे मणक्यातील स्क्रू उपटण्यास लागणारे बल सुमारे दुप्पट झाल्याचे आढळले. परंतु छिद्रात आधी सिमेंट भरून मग त्यात स्क्रू फिरविणे ही घड्याळाशी शर्यत होती. सिमेंट घट्ट झाल्यावर स्क्रूची चुकलेली दिशा सुधारणे दुरापास्त होते.

तिसरी परंपरा फ्रान्समधील आमियाँ येथील होय. गालिबेर व देरामाँ यांनी १९८४ मध्ये मानेच्या दुसऱ्या मणक्यातील रक्तवाहिन्यांच्या गाठीवर उपचार करताना सुईवाटे मणक्यात सिमेंट सोडले. हा वृत्तांत १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. क्ष-किरणांच्या देखरेखीखाली अरुंद नळीतून मणका भरता येतो, हे यातून सिद्ध झाले.

पोकळ व बाजूला छिद्रे असलेला स्क्रू हा वस्तुतः या सुईलाच पाडलेले आटे होत. अशा स्क्रूचा प्रायोगिक अभ्यास मॅकॉय व अ‍ॅन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. या रचनेचा खरा लाभ क्रम उलटण्यात आहे : आधी स्क्रू बसवावा, क्ष-किरणांनी त्याची जागा तपासावी आणि मगच सिमेंट सोडावे. मात्र यामुळे रचनाकारापुढे नवा पेच उभा राहिला. पाच मिलिमीटर व्यासाच्या गाभ्यात दोन मिलिमीटरची नलिका पाडली, तर गणिताने त्याचा वाकण्यास होणारा विरोध केवळ अडीच टक्क्यांच्या आसपास घटतो. कारण हा विरोध व्यासाच्या चतुर्थ घातावर अवलंबून असतो आणि मधल्या धातूचा त्यात वाटा अल्प असतो. बाजूची छिद्रे मात्र बाह्य पृष्ठच तोडतात व तेथे ताण एकवटतो. नलिका अरुंद ठेवावी, तर तोच चतुर्थ घात उलट बाजूने आडवा येतो : साध्या द्रवाच्या बाबतीतही नलिकेचा व्यास निम्मा केल्यास प्रवाहास होणारा विरोध सोळापट वाढतो, आणि सिमेंट तर क्षणोक्षणी दाट होत असते. म्हणूनच स्क्रूच्या डोक्यास घट्ट जोडली जाणारी नळी, थोडे थोडे सिमेंट ढकलणाऱ्या लहान पिचकाऱ्या आणि नळीत उरलेले सिमेंट पुढे सारणारी सळई ही साधने स्क्रूइतकीच महत्त्वाची ठरली. छिद्रे टोकाकडे ठेवण्याचे कारणही यातच आहे : सिमेंट कायेच्या पुढील भागात राहावे, मागे मेरुरज्जूकडे वळू नये.

तरीही धोका नाहीसा झालेला नाही. सिमेंट मेरुरज्जूच्या पोकळीत झिरपू शकते. मणक्यातील शिरांवाटे त्याचे कण फुफ्फुसापर्यंत जाऊ शकतात. पुढे जंतुसंसर्ग झाल्यास स्क्रू फिरवून काढता आला, तरी सिमेंट मागे राहते. प्रयोगशाळेतील मोजमापाविषयीही सावधगिरी आवश्यक आहे. तेथे स्क्रू बहुधा सरळ ओढून पाहिला जातो. रुग्णाच्या शरीरात मात्र तो उठण्याबसण्याच्या प्रत्येक हालचालीसरशी वरखाली हेलकावतो व बहुधा त्यामुळेच हळूहळू सैल होतो. मोजण्यास सोपे असलेले बल आणि रुग्णास उपयोगी पडणारे स्थैर्य या दोन गोष्टी एक नव्हेत.

या इतिहासात प्रत्येक पायरीवर पकड वाढत गेली आणि त्याच प्रमाणात माघारीची वाट अरुंद होत गेली. तार कापता येत असे, स्क्रू काढता येत असे. सिमेंट परत बोलावता येत नाही. म्हणून ज्या हाडास साधा स्क्रू पेलतो, तेथे सिमेंटचा मोह टाळणे आणि जेथे तो पेलत नाही, तेथेच ते बेताने वापरणे, हा विवेक या उपकरणाच्या रचनेचाच एक भाग मानला पाहिजे.