गटाराचं पाणी काय सांगतं

आजचा विषय ऐकून काहीजणी नाकाला पदर लावतील. पण गटाराच्या पाण्याचा इतिहास बाळंतविड्याइतकाच बायकांच्या कामाचा आहे, असं आम्हाला वाटतं. घरात ताप आला की उशाशी रात्र काढते ती बाईच.

टायफॉईड, म्हणजे आपला मुदतीचा ताप, आणि त्याचा भाऊ पॅराटायफॉईड, यांची एक खोड आहे. रोगी बरा होतो, हिंडूफिरू लागतो, पण काहींच्या पित्ताशयात जंतू मुक्काम करतात आणि शौचावाटे वर्षानुवर्षं बाहेर पडत राहतात. त्या माणसाला काहीच होत नाही, आजारी पडतात ती दुसरी. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण होती. ती ज्या घरी रांधायची तिथे टायफॉईड निघायचा. १९०७ साली तिला धरून एका बेटावर ठेवलं. तीन वर्षांनी सोडलं, पण १९१५ मध्ये ती पुन्हा स्वयंपाक करताना सापडली आणि मग १९३८ साली मरेपर्यंत त्याच बेटावर राहिली. आजार तिला स्वतःला कधी जाणवलाच नव्हता. तिला रांधण्याशिवाय दुसरं चांगलं पोटाचं साधन कुणी दिलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

असा माणूस अख्ख्या गावात शोधायचा कसा? इंग्लंडमध्ये ब्रेंडन मूर यांनी १९४८ साली एक साधी युक्ती छापून सांगितली. जखमेवर बांधतात त्या जाळीच्या कापडाची घडी करायची, तिला दोरी बांधायची आणि गटाराच्या वाहत्या पाण्यात दोन-तीन दिवस सोडून ठेवायची. चहाची गाळणी जशी चोथा धरते, तसं ते कापड जंतू धरतं. प्रयोगशाळेत जंतू निघाले की पाणी जिकडून येतं तिकडे सरकायचं. दोन गटारं मिळतात तिथे दोन्हींत कापड टाकायचं. ज्यात जंतू, ती वाट धरायची. असं गल्लीगल्लीनं जात थेट एका घराच्या मोरीपर्यंत पोचता येतं.

पोलिओत याचा फार उपयोग झाला. पोलिओचा विषाणू शिरलेल्या साधारण २०० मुलांमागे एखादंच लुळं पडतं. बाकीची खेळत असतात आणि विषाणू पसरवत असतात. म्हणजे लुळं पडलेलं मूल मोजत बसलो तर उशीर होतो. मुंबईत २००१ पासून गटाराच्या पाण्याचे नमुने घेऊन तपासायला सुरुवात झाली. शहरात देशभरातून कामाला माणसं येतात, त्यांच्याबरोबर विषाणूही येतो आणि तो पाण्यात दिसतो. नोव्हेंबर २०१० मध्ये मुंबईच्या गटारात जंगली पोलिओ शेवटचा सापडला. जानेवारी २०११ मध्ये बंगालात हावड्याकडे एका लहान मुलीला तो झाला, ती देशातली शेवटची. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. आपण बूथवर रांगा लावून पाजलेले थेंब कामी आले की नाही, याचा एक पुरावा असा गटारातून मिळाला.

इस्राएलमध्ये २०१३ साली तर एकही मूल लुळं पडलं नव्हतं, तरी गटारात विषाणू निघाला आणि त्यांनी लगेच मुलांना पुन्हा थेंब पाजले.

मग नशेकडे लक्ष गेलं. इटलीत पो नावाची मोठी नदी आहे. कोकेन घेतल्यावर शरीर त्याचं वेगळं द्रव्य करून लघवीतून टाकतं. २००५ साली मिलानच्या शास्त्रज्ञांनी नदीत ते मोजलं, तर हिशोब दिवसाला सुमारे ४ किलो कोकेनचा निघाला. सरकारी अंदाजापेक्षा तो पुष्कळ जास्त होता. विचारलं तर माणूस खोटं बोलतो, पाणी बोलत नाही. आता युरोपातली कितीतरी शहरं दरवर्षी असं मोजतात.

इथे आम्हाला थोडी धास्तीही वाटते. लाखाच्या शहराचं पाणी तपासलं तर कुणाचं नाव निघत नाही. पण एका वस्तीचं, एका वसतिगृहाचं, तुरुंगाचं तपासलं तर बोट दाखवायला वेळ लागत नाही. रोगाचा शोध मोरीपर्यंत गेला तर औषध मिळावं. नशेचा शोध मोरीपर्यंत गेला तर दारात कोण येईल, डॉक्टर की पोलीस?

आणि आपल्या गावांचं काय? आपल्याकडे दोन खड्ड्यांचे संडास, शोषखड्डे. सगळ्या गावाचं मैलापाणी एका ठिकाणी येतच नाही, मग कापड टाकणार कुठे? म्हणून खेड्यात अजून जुनीच रीत चालते. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर ते लगेच आशाताईला किंवा आरोग्य केंद्रात कळवायचं. पडला असेल, मुरगळला असेल म्हणून थांबायचं नाही. मुलाच्या शौचाचे दोन नमुने, एक दिवसाच्या अंतरानं, चौदा दिवसांच्या आत घेतले जातात आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत जातात.